आरोग्याचा दावा आणि पुराव्याचे दायित्व

भारतातील अन्नविषयक कायद्यांचा इतिहास हा मुख्यतः भेसळीविरुद्धच्या लढ्याचा इतिहास आहे. दुधात पाणी, तुपात वनस्पती, मसाल्यात घातक रंग अशी फसवणूक उघडकीस यायला वेळ लागला, तरी नमुना प्रयोगशाळेत पोहोचला की ती आकड्यांत सिद्ध करता येते, आणि आकडा एकदा सिद्ध झाला की न्यायाधीश, अधिकारी व ग्राहक या तिघांनाही त्याचा अर्थ सारखाच कळतो. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील किंवा जाहिरातीतील आरोग्यविषयक दाव्याने होणारी फसवणूक मात्र वेगळ्या जातीची असते. तेथे पदार्थ शुद्ध असू शकतो, छापलेला शब्दही अक्षरशः खरा असू शकतो, आणि तरीही तो शब्द वाचून ग्राहकाने केलेली समजूत पूर्णपणे चुकीची असू शकते. या दुसऱ्या प्रकारच्या फसवणुकीचे नियमन कसे व्हावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्याविषयी येथे मांडावयाची भूमिका अशी की, दाव्याचा खरेखोटेपणा शब्दाच्या अक्षरार्थावरून न ठरवता सामान्य ग्राहकाच्या मनात उमटणाऱ्या एकूण समजुतीवरून ठरवला पाहिजे, आणि त्या समजुतीला आधार देणारा पुरावा माल विक्रीस येण्यापूर्वी, दावा करणाऱ्यानेच, कोणालाही पाहता येईल अशा रीतीने पुढे ठेवला पाहिजे.

हा विषय सुरतेत मांडण्यास विशेष औचित्य आहे. १ मे १९६० पूर्वी सुरत आणि महाराष्ट्राचा मोठा भाग एकाच राज्यव्यवस्थेत होते, आणि अन्नातील भेसळ रोखणारा मुंबई इलाख्याचा १९२५चा कायदा या दोन्ही प्रदेशांना समान होता. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबारहून आलेली मराठी कुटुंबे यंत्रमाग आणि कापड-प्रक्रियेच्या धंद्यांत स्थिरावली असून या शहराची खाद्यसंस्कृती आता त्यांचीही झाली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सप्टेंबर १९९४मधील प्लेगच्या साथीनंतर महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत या शहराने स्वच्छतेचे नियम, उपाहारगृहे आणि खाद्यविक्रेते यांच्यासह, कठोरपणे अमलात आणून दाखवले. अन्नाच्या स्वच्छतेबाबत नगरप्रशासनाची इच्छाशक्ती काय करू शकते, याचे इतके ठळक उदाहरण देशात क्वचितच सापडेल. ज्या शहराने अन्नाभोवतालची अस्वच्छता दूर केली, तेथे अन्नावरील शब्दांची शहानिशा कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच येथे अधिक अर्थपूर्ण ठरतो.

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१८मध्ये अधिसूचित केलेले आणि १ जुलै २०१९पासून लागू झालेले जाहिरात व दावे विनियम ‘दावा’ या संज्ञेची व्याख्या फार व्यापक करतात : छापील, तोंडी, श्राव्य किंवा दृश्य अशा कोणत्याही रूपातील जे निवेदन एखाद्या अन्नपदार्थाला उगम, पोषण, प्रक्रिया किंवा घटकरचना यांविषयी काही विशेष गुण आहे असे सांगते, सुचवते किंवा ध्वनित करते, ते निवेदन म्हणजे दावा. येथे ‘सुचवते’ आणि ‘ध्वनित करते’ ही दोन क्रियापदे सर्वांत मोलाची आहेत, कारण त्यांच्यामुळे हृदयाचे चित्र, डॉक्टरी पांढरा कोट घातलेला नट किंवा हिरवे पान हेही दाव्याच्या कक्षेत येतात. दाव्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग होतात. ‘कमी मेद’, ‘तंतुमय घटकांनी युक्त’ यांसारखे पदार्थात काय आहे किंवा नाही एवढेच सांगणारे दावे हे पोषणविषयक दावे होत. तर एखादा घटक शरीराचे कार्य सुधारतो किंवा रोगाची जोखीम घटवतो असे सांगणारे दावे हे आरोग्यविषयक दावे होत. अमुक अन्न रोग बरा करते किंवा टाळते असे म्हणण्यास मुळातच मनाई आहे.

पोषणविषयक दाव्यांसाठी विनियमांनी मोजता येतील अशा मर्यादा घातल्या आहेत. घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपेक्षा अधिक मेद नसेल तरच त्यास ‘कमी मेद’ म्हणता येते. १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपर्यंत शर्करा असल्यास ‘कमी शर्करा’, आणि अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक नसल्यासच ‘शर्करामुक्त’, म्हणजे बाजारातील भाषेत ‘शुगर फ्री’. या मर्यादांमागे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आकडे काटेकोर असल्यामुळे येथे वादाला जागा नाही असे वाटते, पण हेच आकडे सुरतेच्या मिठाईला लावून पाहिले की अडचण कोठे आहे हे दिसू लागते.

शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरतेत घारी खाण्याची प्रथा आहे. मैद्याच्या पातळ पारीत मावा, सुकामेवा व साखर यांचे सारण भरून, ती तुपात तळून, वर तुपाचा थर चढवून होणारी ही मिठाई आता मधुमेही ग्राहकांसाठी ‘शुगर फ्री’ म्हणूनही विकली जाते. अशा घारीत साखरेऐवजी कृत्रिम गोडवा देणारा पदार्थ किंवा खजूर-अंजीर वापरलेले असतात. विक्रेत्याच्या समजुतीनुसार साखर घातली नाही म्हणजे पदार्थ शर्करामुक्त झाला, आणि ही समजूत बहुतेक वेळा प्रामाणिक असते. परंतु अन्नशास्त्रात आणि कोडेक्सच्या मार्गदर्शक तत्त्वांत शर्करा या संज्ञेत उसाच्या साखरेबरोबर फळांतील ग्लुकोज व फ्रुक्टोज आणि दुधातील लॅक्टोज या सर्वांचा समावेश होतो. मावा म्हणजे आटवलेले दूध. पाणी निघून गेल्यावर त्यात लॅक्टोजचे प्रमाण वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या आसपास जाते. याचा सरळ अर्थ असा की, माव्याची घारी, तिच्यात साखरेचा एक कणही नसला तरी, १०० ग्रॅममागे अर्धा ग्रॅम ही मर्यादा पाळूच शकत नाही. तिच्याविषयी फार तर ‘साखर घातलेली नाही’ एवढेच म्हणता येईल. आणि सारण खजुराचे असल्यास तेही विधान मधुमेही माणसाला दिलासा देणारे नाही, कारण सुक्या खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग नैसर्गिक शर्करेचाच असतो. शिवाय मैद्यातील पिष्ट पचनानंतर ग्लुकोजमध्येच रूपांतरित होते, आणि तुपाच्या थराने उष्मांक वाढतात ते वेगळेच. मधुमेही आजोबा एका घारीऐवजी तीन घाऱ्या खातात, त्या ‘शुगर फ्री’ या दोन शब्दांच्या भरवशावर. या उदाहरणात कोणीही भेसळ केलेली नाही, मावा ताजा आहे आणि तूप शुद्ध आहे, तरीही हानी खरी आहे. सणाच्या आधी माव्याचे नमुने घेण्याची प्रथा योग्यच आहे; मात्र ती पदार्थाची परीक्षा करते आणि दुकानावरील फलकाला हात लावत नाही.

दुसरे उदाहरण दुधाचे. गायीच्या दुधातील बीटा-केसीन हे प्रथिन २०९ अमिनो आम्लांच्या साखळीचे असते, आणि या साखळीतील ६७व्या स्थानावर प्रोलीन आहे की हिस्टिडीन यावरून त्याचे ए-२ व ए-१ असे दोन प्रकार मानले जातात. ए-१ प्रकाराच्या पचनातून बीसीएम-७ नावाचा एक लघुपेप्टाइड अधिक सुटतो आणि तो आरोग्यास अपायकारक आहे, असा सिद्धांत न्यूझीलंडमध्ये पुढे आला आणि तेथील एका कंपनीने त्यावर जागतिक व्यापार उभा केला. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा या पेप्टाइडचे सेवन आणि असंसर्गजन्य रोग यांच्यात कार्यकारणसंबंध प्रस्थापित होत नाही, असा निष्कर्ष निघाला. भारतात या सिद्धांताला देशी गायीविषयीच्या आदराची जोड मिळाली, आणि गीर गायीचे ए-२ दूध व ए-२ तूप साध्या दूध-तुपाच्या कितीतरी पट किमतीने गुजरात-महाराष्ट्रात विकले जाऊ लागले.

या दाव्याची छाननी तीन पायऱ्यांनी केली पाहिजे. पहिली पायरी : तो अक्षरशः खरा आहे काय? बहुधा आहे, कारण करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या संशोधकांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय देशी गायींत ए-२ जनुकरूपाची वारंवारता सुमारे ९८.७ टक्के आढळली. दुसरी पायरी : तो विशेष आहे काय? येथे दावा डळमळतो, कारण त्याच अभ्यासात तपासलेल्या भारतीय म्हशींत हे प्रमाण १०० टक्के आढळले. ‘सुरती’ ही या प्रदेशाचे नाव धारण करणारी म्हशीची मान्यताप्राप्त जात आहे, आणि तिच्या साध्या, स्वस्त, रोजच्या दुधातही ए-२ प्रथिनच असते. परंतु त्या दुधाच्या पिशवीवर ते कोणी छापत नाही आणि त्यासाठी कोणी अधिक पैसेही मोजत नाही. ज्या समाजातील असंख्य कुटुंबे म्हशीचे दूध पिऊन मोठी झाली, त्या समाजाला ए-२ ही दुर्मिळ वस्तू म्हणून विकली जाणे ही या क्षेत्रातील सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे. तिसरी पायरी : तो त्या पदार्थाला लागू पडतो काय? तुपाच्या बाबतीत याचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. तूप म्हणजे जवळजवळ संपूर्णतः दुग्धमेद. कढवताना प्रथिनांचा भाग बेरीच्या रूपाने वेगळा होतो आणि गाळून टाकला जातो. प्रथिनच उरले नसेल तर प्रथिनाचा प्रकार सांगण्यात काहीच अर्थ नाही.

भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी नेमके हेच म्हटले. दुधाच्या मानकांत ए-१ व ए-२ असा भेद नाही, दुग्धमेदाच्या पदार्थांवर असा दावा दिशाभूल करणारा आहे, तेव्हा उत्पादकांनी व संकेतस्थळांवरील विक्रेत्यांनी असे दावे काढून टाकावेत, असा तो निर्देश होता. पाच दिवसांनी, २६ ऑगस्ट रोजी, संबंधित घटकांशी अधिक विचारविनिमय करण्याचे कारण देऊन तो मागे घेण्यात आला. विचारविनिमय आवश्यक होता हे मान्य केले, तरी तो निर्देशाआधी व्हावयास हवा होता. आणि दुधाबाबत वैज्ञानिक मतभेदाला जागा आहे असे धरले, तरी तुपाबाबतचा भाग मागे घेण्याला कोणताही शास्त्रीय आधार दिसत नाही. नियामकाने योग्य गोष्ट सांगून ती आठवड्याच्या आत मागे घेतली की बाजार त्यातून चुकीचा धडा घेतो, आणि पुढच्या निर्देशाचे वजन आधीच कमी झालेले असते.

तेलाविषयी अधिक विस्ताराची गरज नाही. शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापणे हा निसर्गतःच असलेला गुण एखाद्या नाममुद्रेचे कर्तृत्व म्हणून मिरवण्याचा प्रकार आहे, कारण वनस्पतिजन्य तेलांत कोलेस्टेरॉल नगण्यच असते. विनियमांनी यावर सुंदर उपाय सांगितला आहे : पदार्थ मुळातच एखाद्या घटकापासून मुक्त असेल, तर तसे त्या संपूर्ण जातीविषयी म्हणावे, स्वतःच्या मालाविषयी म्हणू नये. कोडेक्सच्या तक्त्यात तर कोलेस्टेरॉलमुक्त म्हणवून घेण्यासाठी संपृक्त मेदही अत्यल्प असण्याची अट आहे, आणि शेंगदाणा तेलात संपृक्त मेद सहाव्या-पाचव्या हिश्शाइतका असल्याने ती अट तेथे पूर्ण होणे शक्य नाही. जुन्या अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांतही खाद्यतेलांच्या लेबलवर ‘डबल रिफाइन्ड’, ‘अँटी-कोलेस्टेरॉल’, ‘हृदयाला सुखावह’ अशा अर्थाच्या अतिशयोक्त शब्दांना नावे घेऊन मनाई होती. शब्दांची अशी यादी करणे हे बालिश वाटू शकते, पण त्या काळच्या नियमकर्त्यांना बाजाराची भाषा अचूक कळली होती एवढे त्यातून निश्चित दिसते.

कायद्याचा विकास पाहिला तर दोन प्रवाह दिसतात. १९५४ या एकाच वर्षी संसदेने अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम आणि औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा अधिनियम असे दोन कायदे केले. पहिल्याने वस्तू पाहिली, दुसऱ्याने शब्द पाहिले, पण दुसऱ्याची नजर औषधी उपचारांवर होती. दुसऱ्या कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९मधील निर्णयात कायद्यातील अतिव्यापक भाग रद्द केला, मात्र निव्वळ व्यापारी जाहिरात ही राज्यघटनेने संरक्षिलेल्या अभिव्यक्तीत मोडत नाही असे म्हटले. १९९५च्या टाटा प्रेस खटल्यात न्यायालयाने व्यापारी अभिव्यक्तीलाही घटनात्मक संरक्षण दिले, आणि ते देताना ग्राहकाचा माहिती मिळण्याचा अधिकार हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण सांगितले; फसव्या व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना हे संरक्षण नाही, हेही स्पष्ट केले. या दोन निर्णयांतील अंतर पुष्कळदा व्यापाऱ्यांच्या बाजूचा विजय म्हणून सांगितले जाते. परंतु जाहिरातीचे संरक्षण ग्राहकाच्या माहितीच्या हक्कावर उभे असेल, तर माहिती न देता केवळ भुलवणाऱ्या दाव्याला त्या संरक्षणाचा आश्रय घेता येणार नाही, हाच त्याचा अधिक योग्य अर्थ आहे.

अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ याने हे दोन प्रवाह एकत्र आणले. त्याच्या कलम २४ने दिशाभूल करणाऱ्या अन्नजाहिरातींना मनाई केली, कलम ५३ने त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत शास्ती ठेवली, आणि ‘मिथ्याछाप’ अन्नाच्या व्याख्येत लेबलवरील व जाहिरातीतील फसव्या दाव्यांचा समावेश केला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९नुसार स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला उत्पादकावर पहिल्या वेळी १० लाख व पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा, तसेच जाहिरात करणाऱ्या नामवंताला ठरावीक काळ जाहिराती करण्यापासून रोखण्याचा अधिकार आहे. कायद्याची शस्त्रे कमी आहेत असे म्हणता येणार नाही.

ती वापरण्याची रीत मात्र न्यायालयांत वारंवार तोकडी पडली, आणि याबाबतीतले दोन महत्त्वाचे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचे आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरण पूरक आहार व तत्सम पदार्थांना विक्रीपूर्व मान्यता घेणे भाग पाडत होते, पण ते विनियम न करता केवळ सूचनापत्रांच्या आधारे. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४मध्ये या सूचनापत्रांना कायद्याचे बळ नाही असे ठरवले आणि ऑगस्ट २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच ऑगस्टमध्ये, १३ तारखेला, मॅगी नूडल्सवरील देशव्यापी बंदी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, कारण कंपनीला बाजू मांडण्याची संधी दिली गेली नव्हती आणि चाचण्या झालेल्या प्रयोगशाळा आवश्यक मान्यता असलेल्या नव्हत्या. मॅगी प्रकरण शिशाच्या प्रमाणासाठी लक्षात राहिले, पण मूळ आक्षेपांपैकी एक आक्षेप पाकिटावरील ‘एमएसजी घातलेले नाही’ या दाव्याविषयी होता. एमएसजीतील ग्लुटामेट हा घटक टोमॅटो, कांदा, प्रथिनांचे जलविघटित अर्क यांतही असतोच. तेव्हा ‘घातलेले नाही’ हे शब्द खरे असूनही ‘पदार्थात नाही’ अशी समजूत करून देतात. या आक्षेपाची सावकाश, तत्त्वनिष्ठ चर्चा झाली असती तर भारतात दाव्यांच्या कायद्याला भक्कम पाया मिळाला असता. शिशाच्या वादळात आणि कार्यपद्धतीच्या चुकांत ती संधी वाहून गेली. घाईने केलेली योग्य कारवाईसुद्धा न्यायालयात टिकत नाही आणि तिच्या पराभवाचा लाभ चुकीच्या दाव्याला मिळतो, हे नियामकांनी या दोन निर्णयांतून शिकावयास हवे होते.

दाव्यांवरील बहुतांश गाजलेले खटले तर ग्राहकाने नव्हे, प्रतिस्पर्धी कंपन्यांनी लढवले. ‘शुगर फ्री’ या शब्दांवर हक्क कोणाचा, यावरून अहमदाबादची कॅडिला हेल्थकेअर आणि गुजरात सहकारी दूध पणन महासंघ दिल्ली उच्च न्यायालयात झगडले. याच महासंघाच्या आइस्क्रीमविषयक जाहिरातींविरुद्ध २०१७मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने मुंबई उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, कारण त्या जाहिरातींत ‘फ्रोझन डेझर्ट’ वनस्पती तेलाचे असते असे सांगून तिच्या मालाची बदनामी होते, असे तिचे म्हणणे होते. सुरतेचा सुमूल हा दूध संघ ज्या महासंघाचा सदस्य आहे, तो महासंघ या दोन्ही खटल्यांत पक्षकार होता. अशा खटल्यांत बाजारातील वाटा, नाममुद्रा आणि बदनामी यांचा निवाडा होतो. मधुमेही माणसाने ते आइस्क्रीम खावे की नाही, हा प्रश्न कोणाच्याच वकीलपत्रात नसतो.

अलीकडे मात्र काही प्रकरणांत नियामकाने समजुतीच्या कसोटीकडे पाऊल टाकले आहे. माल्टयुक्त पेयांना ‘आरोग्यपेय’ म्हणण्याविषयी २०२३मध्ये एका समाजमाध्यमावरील चित्रफितीने वाद उभा केला. त्यानंतर एप्रिल २०२४मध्ये प्राधिकरणाने व केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने संकेतस्थळांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गाखाली दाखवू नयेत असे कळवले, कारण कायद्यात असा वर्गच अस्तित्वात नाही. याहून अधिक गंभीर बाब ‘ओआरएस’ या तीन अक्षरांची होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००२मध्ये सुधारलेल्या जलसंजीवनीच्या सूत्रात एका लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज व ठरावीक क्षार असतात. त्याहून कितीतरी अधिक साखर असलेली फळांच्या रसाची पेये नावात ही अक्षरे घेऊन औषधांच्या दुकानांत विकली जात होती. जुलाबाने अशक्त झालेल्या बालकाला जास्त साखरेचे पेय दिले तर आतड्यात पाणी अधिक ओढले जाऊन जुलाब वाढू शकतात. ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नाही’ अशी तळटीप छापल्यास नावात ही अक्षरे वापरता येतील, अशी सवलत प्राधिकरणाने २०२२मध्ये दिली होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या पाठपुराव्यानंतर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ती मागे घेण्यात आली. पाकिटाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत जी समजूत करून दिली जाते, ती मागच्या बाजूच्या बारीक तळटीपेने दुरुस्त होत नाही, हे तत्त्व ग्राहक प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे : अस्वीकृतीच्या टीपेने दिशाभूल करणारा दावा सुधारण्याचा प्रयत्न करू नये, आणि टीप दाव्याच्याच भाषेत असावी.

तरीही मुख्य उणीव राहतेच. भारतीय व्यवस्थेत, रोगजोखमीच्या ठरावीक दाव्यांचा अपवाद सोडला तर, बहुतेक दाव्यांचा पुरावा उत्पादकाच्या कपाटात असतो आणि अधिकाऱ्याने मागितला तरच बाहेर येतो. युरोपीय संघाने २००६च्या नियमावलीनुसार उलटी वाट धरली : सदस्य देशांकडून आलेले सुमारे ४४ हजार दावे एकत्रित करून त्यांची छाननी झाली, २०१२मध्ये त्यांतून २२२ आरोग्यविषयक दाव्यांची परवानगी-यादी निघाली, आणि नाकारलेल्या दाव्यांसह सर्व नोंदी सार्वजनिक सूचीत ठेवण्यात आल्या. इतकी कठोर चाळणी भारतातील लहान उत्पादकाला परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण चाळणीची तीव्रता आणि पुराव्याची सार्वजनिकता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उत्पादकाने पाकिटावर दावा छापताना त्याचा आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी नोंदवावा, परवाना क्रमांकावरून तो कोणालाही पाहता यावा, आणि नोंद नसलेला दावा आपोआप मिथ्याछाप मानला जावा, एवढी तरतूद करण्यास नवी प्रयोगशाळा लागत नाही. घारी करणाऱ्या दुकानदाराला त्यासाठी संशोधन करावे लागणार नाही. ‘साखर घातलेली नाही’ असे लिहून घटकांची यादी जोडली की त्याचे काम होते. ज्याला हे करता येत नाही त्याने दावा करू नये, आणि दावा न करता चांगली घारी विकण्यास त्याला कोणाचीही मनाई नाही.

अंमलबजावणीची जागाही बदलावी लागेल. आज अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, अन्न विश्लेषक अहवाल देतो आणि न्यायनिर्णय अधिकारी, म्हणजे अपर जिल्हा दंडाधिकारी दर्जापेक्षा खालचा नसलेला अधिकारी, शास्ती ठरवतो. या साखळीत दाव्याच्या अर्थाचा निवाडा करू शकणारा आहारतज्ज्ञ कोठेच नाही. महापालिकेच्या पातळीवर वैद्यकीय महाविद्यालयातील पोषणतज्ज्ञ, ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी आणि स्थानिक भाषा जाणणारा एक सदस्य असे छोटे मंडळ नेमून सणांपूर्वी फलक व पाकिटे तपासण्यास कायद्याची आडकाठी नाही.

स्थानिक भाषेचा मुद्दा येथे शोभेसाठी घेतलेला नाही. लेबलविषयीच्या २०२०च्या विनियमांनुसार अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरते, आणि प्रत्यक्षात बहुतेक पाकिटांवर ती इंग्रजीतच असते. दूरचित्रवाणीवरील व भ्रमणध्वनीवरील जाहिरात मात्र गुजराती, मराठी, हिंदी अशा प्रत्येक भाषेत कानावर पडते. दावा मातृभाषेत आणि त्याची मर्यादा परभाषेत, असा हा व्यवहार आहे. त्यात भर म्हणजे ज्यांचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही अशा छोट्या पाकिटांना घटकांची यादी व पोषणतक्ता यांतून सूट आहे. ही माहिती अनेक पाकिटांच्या मोठ्या बांधणीवर असली की चालते, आणि ती बांधणी दुकानदार फोडून फेकून देतो. पाच-दहा रुपयांचे पाकीट विकत घेणारे लिंबायतमधील शाळकरी मूल किंवा पाळी संपवून घरी निघालेला यंत्रमाग कामगार यांच्या हातात पाकिटाची दर्शनी बाजू तेवढी येते. दर्शनी बाजूवर साखर, मीठ व संपृक्त मेद यांविषयी इशारा छापण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली होती. चिलीने २०१६पासून असा इशारा काळ्या अष्टकोनात छापण्यास सुरुवात केली असून तो वाचण्यासाठी फारसे अक्षरज्ञान लागत नाही. भारतात जे चिन्ह ठरेल त्यातून छोटी पाकिटे वगळली जाऊ नयेत, आणि ज्या पाकिटावर पोषणतक्त्याला जागा नाही त्यावर पोषणाच्या किंवा आरोग्याच्या दाव्यालाही जागा असू नये, अशी एक ओळ २०२०च्या विनियमांत घालणे आवश्यक आहे.